वखारीत बसून वाचलेली आयर्लंडची पुस्तकं

अमळनेरला रेल्वे लाइनीच्या अलीकडे आमची लाकडा-कोळशाची वखार आहे. वडिलांनी घातली, आता मी सांभाळतो. गल्ल्यावर बसून चाळीस वर्षांत बरंच वाचलं, पण वखारवाला नायक असलेली गोष्ट कधी हाती आली नव्हती. शेतकरी भेटले, मास्तर भेटले, कारकून भेटले, सावकार तर पानोपानी. वखारवाला आलाच तर दाराशी सरपण टाकून जाणारा, बिननावाचा. मागच्या हिवाळ्यात तो भेटला आणि भेटला तो थेट आयर्लंडात.

धाकटी मुलगी लिमरिक शहरात नर्स आहे. सुट्टीवर आली तेव्हा पिशवीतून सात पुस्तकं काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "पप्पा, मी राहते तो मुलुख तुम्हाला फोनवर सांगून कळत नाही. हे वाचा." सगळी इंग्रजीत. माझं इंग्रजी प्रताप कॉलेजात बी.कॉम. करतानाचं, त्यामुळे डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं. आठ महिने लागले. त्यातली कोणती आधी घ्यावीत, कोणती सावकाश घ्यावीत, ते सांगतो.

पहिलं क्लेअर कीगन यांचं 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज'. २०२१ साली आलं, २०२२ च्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होतं आणि त्याच वर्षी राजकीय कथासाहित्यासाठीचं ऑर्वेल पारितोषिक त्याला मिळालं. आकाराने अगदी लहान, सव्वाशे पानंसुद्धा नाहीत. नायक बिल फर्लाँग. वेक्सफर्ड परगण्यातल्या न्यू रॉस गावचा कोळशाचा व्यापारी. काळ १९८५ च्या नाताळाचा. बायको, पाच मुली, वखारीतली माणसं, आणि डोक्यात सतत उधारी.

लेखिकेला आमचा धंदा कळतो, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या पानातच पटलं. फर्लाँग दगडी कोळसा विकतो, अँथ्रासाइट विकतो, कोळशाचा चुरा विकतो, लाकडाचे ओंडके विकतो आणि टर्फ विकतो. टर्फ म्हणजे दलदलीतून विटांसारखं कापून वाळवलेलं पीट, आपल्या गोवरीच्या जागी असलेलं तिकडचं जळण. माल मागायचं माप हंड्रेडवेट, आपले साधारण ५१ किलो. थंडी वाढली की फोन थांबत नाही आणि पैसे मात्र फेब्रुवारीशिवाय येत नाहीत. घरी आल्यावर तो आधी हात घासून धुतो. हे वाचताना मी माझ्या नखांकडे पाहिलं. कोळशाची काळी रेघ नखाच्या कडेला राहतेच, साबण कोणताही घ्या.

गावाचंही तसंच. नदीपलीकडच्या खताच्या कारखान्यातून माणसं कमी केलेली, जहाजाचा धंदा बसलेला, बेकारीच्या भत्त्यासाठी रांगा. आमच्याकडे प्रताप मिल बंद पडली तेव्हा ज्या घरांत महिन्याला दोन क्विंटल बाभूळ जायची, तिथून बायका संध्याकाळी येऊन पाच किलो मागू लागल्या. वखारवाल्याला गावाची गरिबी काट्यावर दिसते, पेपरात यायच्या आधी.

आता गोष्टीचा गाभा. गावाच्या वर टेकाडावर कॉन्व्हेंट आहे. तिथल्या जोगिणी मुलींची चांगली शाळा चालवतात आणि कपडे धुण्याचा मोठा धोबीखानाही चालवतात. धुलाई उत्तम असते असं गावात नाव. फर्लाँग तिथे कोळसा टाकायला जातो आणि कोळशाच्या कोठीत त्याला एक मुलगी सापडते. पुढचं सांगत नाही. हे मात्र ठाऊक असावं, की मॅग्डलेन लाँड्री नावाचे असे धोबीखाने आयर्लंडात खरोखर होते. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ, घरच्यांना नकोशा झालेल्या मुलींना तिथे ठेवून बिनपगारी राबवत. शेवटचा धोबीखाना १९९६ साली बंद झाला. सरकारची माफी आली ती २०१३ च्या फेब्रुवारीत, पंतप्रधान एंडा केनी यांनी संसदेत मागितलेली.

कीगनबाई मारझोड दाखवत नाहीत, न्यायालय दाखवत नाहीत. त्या फक्त एवढं दाखवतात, की कोळसा टाकायला गेलेल्या माणसाला मागचं दार दिसतं. पुढच्या दाराने जाणाऱ्यांना दिवाणखाना दिसतो. आम्हाला कोठी, न्हाणी, चूल, राबणारे हात दिसतात. आणि दिसल्यावर काय करायचं? फर्लाँगच्या मुलींची शाळा त्याच जोगिणींच्या हातात आहे. गावातली खाणावळवाली बाई त्याला प्रेमाने समजावते, की त्यांच्याशी वाकडं घेऊ नकोस. ती वाईट बाई नाही. तिचा तो सल्ला मी दोनदा वाचला, कारण तसाच सल्ला मी स्वतःला एकदा दिला होता.

१९८८ चा डिसेंबर असावा. मी चोविशीचा. तालुक्यातल्या एका वसतिगृहाला आमचं सरपण जायचं, महिन्याला बारा क्विंटल बाभूळ. आमच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. सकाळी सहाला ट्रॉली घेऊन गेलो तर लाकडं उतरवायला मुलंच आली, पाचवी-सहावीची. खानदेशची डिसेंबरची थंडी ज्याने काढली आहे त्याला सांगायला नको. अंगात एक सदरा, पायात काही नाही. बाभळीचे काटे पुरते छाटलेले नसतात. एका पोराच्या दोन्ही तळव्यांना ओरखडे होते आणि तो लाकडं छातीशी धरून नेत होता. ट्रॉली रिकामी झाली तेव्हा तो हळूच म्हणाला, "शेठ, मले धरणगावले सोडी देशात का?" मी म्हटलं, "सर रागावतील, जा आत." पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा तो दिसला नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खातं तुटेल, एवढाच हिशेब तेव्हा डोक्यात होता. हे मी छत्तीस वर्षं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पुस्तक संपलं त्या रात्री बायकोला सांगितलं.

म्हणून या पुस्तकाला मी किती गुण देतो हे विचारू नका. घ्या आणि वाचा. भाषा सोपी आहे, वाक्यं शांत आहेत, बारावीपर्यंत इंग्रजी झालेल्या माणसाला जमेल. यावर २०२४ मध्ये सिनेमाही आला, पण पुस्तक आधी.

माझी माय पंच्याऐंशीची आहे. तिला ही गोष्ट मी अहिराणीत सांगितली, कोठीतली मुलगी, धोबीखाना, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "हाई ते आपलाच गावनी गोट शे."

दुसरं फ्रँक मकॉर्ट यांचं 'अँजेलाज अ‍ॅशेस'. हे आत्मकथन आहे, १९९६ चं, पुढल्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मकॉर्ट यांचा जन्म १९३० चा, न्यू यॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. आयर्लंडातून लोक अमेरिकेला जात होते त्या काळात हे कुटुंब उलट लिमरिकला परतलं आणि पोरांचे हाल सुरू झाले. बाप मजुरीचे पैसे दारूच्या गुत्त्यात घालवतो आणि रात्री येऊन पोरांना उठवून देशासाठी मरायची शपथ घालतो. एक बहीण अमेरिकेतच गेली, जुळे भाऊ लिमरिकमध्ये गेले. अख्ख्या बोळाला एकच संडास आणि तो यांच्या दाराशी. पावसाळ्यात खालच्या खोलीत पाणी भरतं, मग सगळे वरच्या कोरड्या खोलीत जाऊन राहतात आणि त्या खोलीला 'इटली' म्हणतात.

इतकं दुःख सोसवेल का, असं मला वाटलं होतं. सोसवतं, कारण सांगणारा लहान मुलगा आहे. तो तक्रार करत नाही, दिसलं तसं सांगतो. संवादांना अवतरणचिन्हं नाहीत. त्यामुळे पहिली दहा पानं अडखळायला होतं, मग सवय होते आणि कुणीतरी शेजारी बसून बोलतंय असं वाटू लागतं. मी वखारीत हसलोही आणि एकदा गिऱ्हाईक समोर असताना तोंड फिरवावं लागलं.

तो प्रसंग जळणाचाच आहे. नाताळच्या जेवणाला डुकराची मुंडी मिळाली, पण घरात शिजवायला कोळसा नाही. तेव्हा पोरं बंदराच्या रस्त्यावर जाऊन लॉरीतून सांडलेले कोळशाचे तुकडे वेचतात. आमच्या लहानपणी अमळनेर स्टेशनात कोळशाच्या वाघिणी उतरायच्या. रुळांच्या कडेला वेचायला येणाऱ्या बायका-पोरांना वडील कधी हाकलत नसत. मी एकदा हाकललं तर त्यांनी मला दिवसभर काट्यावर बसू दिलं नाही. मकॉर्ट कुटुंबाने तर पुढे खोल्यांमधल्या भिंतीचं लाकूड तोडून शेगडीत घातलं आणि त्यापायी घर गेलं. फ्रँक थोडा मोठा झाल्यावर हॅनन नावाच्या शेजाऱ्याच्या कोळशाच्या गाडीवर कामाला जातो. पहिल्यांदाच कुणी त्याला मोठ्या माणसासारखं वागवलेलं असतं. कोळशाच्या धुळीने त्याचे आधीच अधू डोळे सुजतात, आई काम सोडायला लावते, तेव्हा त्याला रडू येतं ते डोळ्यांपायी नाही. वखारीतल्या हमालाच्या पोराला पहिली हजेरी मिळते तेव्हाचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून हे पान मला खरं वाटतं.

मुलगी सांगते, ते बोळ आता राहिले नाहीत. शॅनन नदी आहे आणि पाऊस तसाच आहे. पुस्तक निघालं तेव्हा लिमरिकच्या बऱ्याच लोकांना राग आला होता, आमच्या शहराची बदनामी केली म्हणून. आपल्याकडेही आत्मचरित्र निघालं की हेच होतं. मकॉर्ट न्यू यॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये सुमारे तीस वर्षं मास्तर होते आणि हे पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय ६६. माझ्या वयाच्या वाचकांनी तेवढ्यासाठी तरी वाचावं.

यासोबत लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचा. मी २०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा नवी प्रत घेतली, जुनी वाळवीने खाल्ली होती. संसाराची पर्वा नसलेला नवरा, हातातोंडाची गाठ, आणि ते सांगताना मनात कडवटपणाचा लवलेश नाही. लक्ष्मीबाईंची शाळा अशी झालीच नव्हती. मकॉर्टनंतर त्या वाचल्या आणि मला त्यांची बाजू जास्त भारी वाटली, कारण बापाला माफ करणं पोराला एकदा जमतं, नवऱ्याला रोज माफ करणं कठीण.

तिसरं पुस्तक सगळ्यांना झेपणार नाही, पण अहिराणी बोलणाऱ्या प्रत्येकाने प्रयत्न करावा. टोमास ओ क्रिव्हन यांचं 'द आयलंडमन'. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ग्रेट ब्लास्केट नावाचं बेट आहे. तिथला हा मच्छीमार. मूळ पुस्तक आयरिश भाषेत, १९२९ साली आलेलं. इंग्रजी भाषांतर रॉबिन फ्लॉवर यांनी १९३४ मध्ये केलं. शाळेत शिकवलं ते इंग्रजी. स्वतःची आयरिश भाषा वाचायला-लिहायला हा माणूस मोठेपणी शिकला. किलार्नीहून आलेल्या एका पाहुण्याने त्याला गॉर्कीसारख्यांचं लेखन वाचून दाखवलं आणि सांगितलं, की तुझं जगणंही लिहिण्यासारखं आहे.

मी इथे बराच वेळ थांबलो. माझी माय आयुष्यभर अहिराणी बोलली. मला शाळेत अहिराणी बोललो म्हणून पट्टी बसली आहे, आणि मी माझ्या मुलींशी मराठीत बोललो, त्यांना पट्टी बसू नये म्हणून. बहिणाबाईंनी लेवा बोलीत गायलं, ते त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपून ठेवलं आणि १९५२ साली, त्यांच्या जाण्यानंतर पुढच्याच वर्षी, पुस्तक निघालं. आसोद्याची न शिकलेली शेतकरीण आणि ब्लास्केटचा मच्छीमार. दोघांनाही आपण बोलतो ते लिहून ठेवण्यासारखं आहे हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.

पुस्तकात कथानक नाही. मासे, सील, वादळं, किनाऱ्याला लागलेलं फुटक्या जहाजांचं लाकूड, लग्नं, मरणं. मुलं एकामागून एक जातात, एक कड्यावरून पडून, काही गोवरात आणि डांग्या खोकल्यात, एक समुद्रात. प्रत्येकाला दोन-चार ओळी, आणि लगेच पुढचं काम, कारण काम थांबलं असतं तर उरलेली मुलं उपाशी राहिली असती. हा कोरडेपणा पहिल्यांदा मला खटकला. मग आठवलं, माय आमच्या दोन गेलेल्या भावंडांबद्दल असंच बोलते.

एक प्रसंग मात्र मी वखारीतल्या सगळ्यांना वाचून दाखवला. टोमास टेकडीवर टर्फ कापायला जातो आणि तिथे बेटावरचा कवी त्याला धरून बसवतो. कविता ऐक, लिहून घे. नाही म्हणावं तर कवी त्याच्यावरच टीकेचं कवन रचेल ही भीती. दिवस जातो, जळण कापायचं राहून जातं. पण ती कविता टिकली ती त्यामुळेच. १९५३ साली बेटावरचे शेवटचे रहिवासी मुख्य भूमीवर हलवले. टोमास त्याआधी १९३७ मध्येच गेला होता. माझी सूचना एवढीच, की हे रोज पाच-सात पानांनी वाचा. मी सलग वाचायला घेतलं आणि मध्येच कंटाळून पंधरा दिवस बाजूला ठेवलं, ती माझी चूक.

कवितांचं एक पुस्तक होतं, शेमस हीनी यांचं 'डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट', १९६६ चं. त्यांना १९९५ चं नोबेल मिळालं. इंग्रजी कविता मला अर्धीमुर्धीच कळते, हे खरं. पण पहिली कविता 'डिगिंग' कळली. खिडकीखाली बाप फुलांच्या वाफ्यात खणतोय, ते पाहून पूर्वी बटाटे खणणारा बाप आठवतो, आजोबा टर्फ कापण्यात पंचक्रोशीत पहिले, आणि मुलाच्या हातात फावड्याऐवजी पेन. ही कविता खानदेशातल्या कपाशीवाल्या घरातून शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराची आहे. बाकीच्या कवितांवर मी बोलणार नाही.

रहस्यकथा आवडणाऱ्यांसाठी टाना फ्रेंच यांचं 'इन द वुड्स', २००७ चं. डब्लिनजवळच्या गावात एका मुलीचा खून, आणि तपास करणारा पोलीस लहानपणी त्याच रानात दोन मित्र हरवून बसलेला. पकड छान, जाडी जरा जास्त. सगळी कोडी सुटतील या आशेने वाचू नका. मोठ्या जावयाला शेवट आवडला नाही, मला आवडला.

खऱ्या घडामोडींचं पुस्तक हवं असेल तर पॅट्रिक रॅडन कीफ या अमेरिकन पत्रकाराचं 'से नथिंग', २०१८ चं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात १९७२ च्या डिसेंबरात जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा आईला आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या लोकांनी घरातून उचलून नेलं. सांगाडा सापडला २००३ साली, समुद्रकिनाऱ्यावर. मधली एकतीस वर्षं शेजारपाजार गप्प. नेणाऱ्यांपैकी काहींना पोरं ओळखत होती, रस्त्यात भेटत होती, आणि बोलण्याची सोय नव्हती. लेखक बंदूक हाती घेतलेल्यांचंही आयुष्य उलगडतो, त्यांना राक्षस करत नाही, आणि तरी त्या आईला विसरत नाही. हे सांभाळणं फार अवघड. मात्र संघटना, नावं, तारखा खूप. मी वहीच्या पानावर नावं लिहून ठेवली होती, तुम्हीही ठेवा. रात्री झोपण्याआधी वाचू नका.

यात कोळसा नाही, पण हेही मागच्या दाराचंच पुस्तक आहे. मुलीने सातही निवडताना हे ठरवलं होतं का, विचारलं. ती म्हणाली, "नाही पप्पा, मला आवडली ती आणली." तिनेच सांगितलं, की तिकडे १९९० मध्ये डब्लिनला धुराचा कोळसा विकायला बंदी आली आणि २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस ती देशभर झाली. टर्फच्या विक्रीवरही बंधनं आली. फर्लाँगचा धंदा आता त्या रूपात उरलेला नाही. माझाही कुठे उरला आहे? घरोघरी गॅस आला. आता माझा दगडी कोळसा हॉटेलांच्या भट्टीला, लोणारी कोळसा इस्त्रीवाल्यांना, बाभूळ खापरावरचे मांडे करणाऱ्या बायांना आणि स्मशानात. भरिताची वांगी भाजायला लोक शेतातल्या कपाशीच्या काड्याच वापरतात, आणि त्याच वापराव्यात, चव तिचीच.

सातवं पुन्हा कीगनबाईंचं, 'फॉस्टर', २०१० चं. ज्यांना इंग्रजी वाचायची धास्ती वाटते त्यांनी इथून सुरुवात करावी. एका बसणीत संपतं. घरात पोरं फार, आई पुन्हा गरोदर, म्हणून बाप एका मुलीला उन्हाळ्यापुरतं नातेवाइकांकडे सोडतो. ती माणसं तिला नीट न्हाऊ घालतात, जेवू घालतात, तिच्याशी बोलतात. बस्स, एवढंच घडतं. कुणी कुणावर ओरडत नाही. मी शेवटच्या पानावर आलो तेव्हा धरणगावचा तो मुलगा पुन्हा समोर उभा राहिला. त्याला कुणी असं न्हाऊ घातलं असेल का, हे मला या जन्मात कळणार नाही.

सातही पुस्तकं वखारीत गल्ल्यामागच्या फळीवर आहेत, खाकी कागदाची कव्हरं घालून, कारण हात काळे असतात. अमळनेरात असाल तर या आणि घेऊन जा. नाव वहीत लिहायचं आणि महिन्याभरात आणून द्यायचं. 'अँजेलाज अ‍ॅशेस' सध्या बाजारपेठेतल्या इस्त्रीवाल्याच्या मुलीकडे आहे, ती बारावीला आहे, तिची परीक्षा झाली की मिळेल. 'स्मॉल थिंग्ज' च्या मी दोन प्रती ठेवल्या आहेत.